पाठ टेकल्यानंतरची कुस्ती : ब्राझिलियन जिऊ-जित्सू आणि एमएमए

लाल_माती

नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या तालमीत मी वयाच्या दहाव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत होतो. नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हा कुस्ती सुटली, आणि चार वर्षांपूर्वी ब्राझिलियन जिऊ-जित्सू सुरू केले. सध्या निळ्या पट्ट्यावर आहे (पट्ट्यांचा क्रम पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा). एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळे चालणारी मिश्र लढत; तिच्या पिंजऱ्यात उतरण्याचे माझे वय राहिलेले नाही, परंतु त्या खेळाची तयारी करणाऱ्या तीन-चार मुलांबरोबर रोज सराव होतो, आणि त्यातून मनात साचलेले काही येथे मांडावे म्हणून हा धागा काढत आहे.

पहिल्या दिवशीची गोष्ट आधी सांगतो, कारण माझे सगळे म्हणणे तिच्यातच आहे. माझे वजन तेव्हा 84 किलो होते. समोर जांभळ्या पट्ट्याचे एक शिक्षक होते, जेमतेम 60 किलोचे. शिट्टी होताच मी दुहेरी पट काढला, म्हणजे त्यांचे दोन्ही पाय धरून ओढले, आणि ते सहज खाली गेले. आता मला वाटते की ते मुद्दामच खाली गेले. मी त्यांच्या दोन्ही पायांच्या मध्ये गुडघ्यांवर होतो आणि आपण जिंकलो अशीच माझी समजूत होती. त्यांनी एका हाताने माझी बाही धरली, दुसरा हात मानेमागे घातला, कंबर थोडी बाजूला सरकवली, आणि मला काही कळायच्या आत मी कलंडलो. पाठ गादीला लागणार असे दिसताच नऊ वर्षांच्या सवयीने मी गर्रकन पालथा झालो, कोपरे पोटाशी घेतली आणि गादीला चिकटून बसलो. तालमीत अशा वेळी वरचा पैलवान घिस्सा लावायला धडपडतो आणि खालच्याला थोडा दम घ्यायला मिळतो. येथे त्यांच्या दोन्ही टाचा माझ्या मांड्यांच्या आत आल्या, हनुवटीखालून मनगट सरकले, कानात घूं असा आवाज सुरू झाला आणि मी गादीवर हात आपटला, म्हणजे शरण गेलो. उठल्यावर त्यांनी विचारले, “पालथे का झालात?” मी म्हणालो, “पाठ लागू नये म्हणून.” ते म्हणाले, “येथे पाठ लागली तर काहीच होत नाही. पाठ दिली तर मात्र सगळे संपते.”

आपल्या मातीतल्या कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला लागले की कुस्ती चीतपट झाली. जिऊ-जित्सूत मात्र त्या क्षणापासून अर्धा अभ्यास सुरू होतो. उताण्या माणसाने पायांनी, कंबरेने आणि पकडीने वरच्याला कसे रोखायचे, त्याला कसे उलटायचे, त्याचा हात किंवा गळा कसा घ्यायचा, या सगळ्या विद्येला ‘गार्ड’ म्हणतात. ही विद्या आली ज्युदोतून. कोदोकान या जपानमधील ज्युदोच्या मूळ संस्थेत शिकलेले मित्सुयो माएदा देशोदेशी लढती करत 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि पुढे ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरात स्थायिक झाले. त्या काळी परदेशात ज्युदोला सर्रास जिऊ-जित्सूच म्हणत, म्हणून नाव तेच राहिले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले, त्यांनी 1925 च्या सुमारास रिओ दि जानेरोत अकादमी काढली, आणि त्यांचे धाकटे बंधू एलिओ यांनी ताकदीपेक्षा तरफेवर भर देऊन जमिनीवरचा भाग विकसित केला. माएदांचा वारसा केवळ ग्रेसी घराण्याकडेच आला असे नाही. लुइझ फ्रान्सा आणि त्यांचे शिष्य ओस्वाल्दो फाद्दा यांची वेगळी परंपरा रिओच्या गरीब वस्त्यांत वाढली, आणि पायांवरच्या पकडींसाठी ती ओळखली जात असे. हे नाव कमी घेतले जाते याची मला खंत वाटते.

12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेत डेन्व्हर येथे पहिली यूएफसी, म्हणजे आज एमएमएमधील सर्वात मोठी असलेली स्पर्धा, झाली. वजनगट नव्हते, गुण देणारे परीक्षक नव्हते. साधारण 80 किलोच्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत एक मुष्टियोद्धा, एक कुस्तीगीर आणि एक सावातपटू (सावात म्हणजे लाथा-ठोशांचा फ्रेंच खेळ) अशा तिघांना शरण आणले. जमिनीवरची विद्या नसेल तर मुक्त लढतीत टिकता येत नाही, हे त्या रात्री जगाला दिसले. त्यानंतरच्या तीस वर्षांत खेळ पुष्कळ बदलला. आज एमएमएमध्ये जिऊ-जित्सूचे नेमके स्थान काय, आणि आपल्या तालमीतून येणाऱ्या मुलाने त्यातले काय घ्यावे, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

मुलुंड_पूर्व

धागा आवडला. मी स्वतः सराव करत नाही, पण एमएमए नियमित पाहतो. एक शंका आहे. 1993 मध्ये पाठीवर पडून लढणारा माणूस जिंकत होता. आज मात्र जो पाठीवर पडतो तो बहुतेक वेळा फेरी गमावतो, आणि समालोचकही “याने आता उठायला हवे” असेच म्हणत असतात. मग जिऊ-जित्सूचा काळ सरला, असे का म्हणू नये?

लाल_माती

शंका रास्त आहे. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर पहिल्या यूएफसीतील लढती निकाली कुस्त्या होत्या आणि आजच्या गुणांवरच्या आहेत. निकाली कुस्तीत वाट पाहता येते. डिसेंबर 1994 मध्ये चौथ्या यूएफसीच्या अंतिम लढतीत रॉयसच्या अंगावर सुमारे 118 किलोचे डॅन सेव्हर्न जवळजवळ सगळा वेळ होते. साधारण 16 मिनिटांनी रॉयसने पायांचा त्रिकोण त्यांच्या मानेभोवती आवळला आणि लढत संपली. आज तीच लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांत बसवा. पहिली फेरी सेव्हर्न, दुसरी सेव्हर्न, तिसरीतही वरचढ सेव्हर्न, आणि निकाल त्यांच्याच बाजूने. मधल्या प्रत्येक विश्रांतीनंतर दोघे पुन्हा उभे राहणार, म्हणजे खालच्याने मेहनतीने मिळवलेली पकड पुसली जाणार.

त्यात परीक्षकांचे निकष आले. कोणी किती परिणामकारक प्रहार केले आणि कोणी कुस्तीत परिणाम साधला, हे आधी पाहिले जाते. पाठीवरून मारलेल्या ठोशात वजन नसते, वरून मारलेल्या कोपरात असते. गी, म्हणजे जिऊ-जित्सूचा जाड सदरा-पायजमा, हाही एमएमएमध्ये नसतो. घामाने निसरड्या झालेल्या अंगाला धरून ठेवणे किती अवघड असते, हे गी काढून सराव केल्यावर पहिल्याच आठवड्यात कळते.

परंतु काळ सरला असे मी म्हणणार नाही. 7 ऑगस्ट 2010 ची अँडरसन सिल्वा आणि चेल सॉनन यांची लढत आठवा. चार फेऱ्या आणि पाचवीचा मोठा भाग सॉनन वर आणि सिल्वा खाली. गुणांवर सिल्वा हरलेलेच होते. शेवटची दोन मिनिटेही उरली नव्हती तेव्हा सॉनन यांचा एक हात पायांच्या आत आणि एक बाहेर राहिला, सिल्वांनी त्रिकोण लावला, हात ओढून कोपर ताणले आणि लढत जिंकली. त्याच वर्षी जूनमध्ये, जवळपास दहा वर्षे खऱ्या अर्थाने न हरलेले फेडोर येमेलियानेन्को घाईने फाब्रिसिओ वेर्दूम यांच्या गार्डमध्ये शिरले आणि 69 सेकंदांत त्यांना शरण जावे लागले.

गादी_विभाग

मी जिल्हा पातळीवर कुस्ती शिकवतो. लाल_माती यांचा पहिला अनुभव प्रामाणिक आहे, पण त्यावरून निघणाऱ्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. एमएमएचा इतिहास पाहिला तर जिऊ-जित्सूवाल्यांची सद्दी मोडली ती कुस्तीगिरांनीच. मार्क कोलमन, रँडी कूटुर, मॅट ह्यूज ही सगळी कुस्तीतून आलेली माणसे. 2006 मध्ये ह्यूज यांनी खुद्द रॉयस ग्रेसींना पहिल्याच फेरीत संपवले. त्याआधी जपानमध्ये काझुशी साकुराबा यांनी रॉयलर, रॉयस, रेन्झो आणि रायन अशा चार ग्रेसींना हरवले होते. मे 2000 मधील रॉयस यांच्याबरोबरची लढत 90 मिनिटे चालली होती. यूएफसीचे विजेते राहिलेले रशियन कुस्तीगीर खबीब नुर्मागोमेदोव्ह यांचे उदाहरण तर अगदी अलीकडचे. लढत उभ्याने व्हायची की जमिनीवर, हे ज्याच्या हातात असते तो जिंकतो, आणि ते कुस्तीगिराच्या हातात असते. आमच्या मुलांना पट काढता येतो, पट अडवता येतो, मान मजबूत असते, दम असतो. ठोसे शिकवले की झाले. पाठीवर लोळण्यात दोन वर्षे कशाला घालवायची?

न्यूजर्सीकर

गादी_विभाग यांच्याशी निम्मा सहमत आहे. मी गेली अकरा वर्षे येथे न्यू जर्सीत बिनगीचा, म्हणजे गी न घालता, सराव करतो. आमचेच राज्य आज प्रचलित असलेले एमएमएचे एकत्रित नियम 2000-01 च्या सुमारास प्रथम लागू करणारे, त्यामुळे येथे या विषयावर बोलणारी माणसे पुष्कळ भेटतात.

साकुराबांचे उदाहरण मात्र दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवे. त्यांनी रॉयलर आणि रेन्झो यांना ज्या पकडीने हरवले तिला ‘किमुरा’ म्हणतात. ज्युदोपटू मासाहिको किमुरा यांनी 23 ऑक्टोबर 1951 रोजी रिओच्या माराकाना स्टेडियमवर एलिओ ग्रेसींचा हात याच पकडीत धरला, एलिओ शरण गेले नाहीत, आणि शेवटी बंधू कार्लोस यांनी टॉवेल टाकला. ज्या पकडीने आपण हरलो तिला ब्राझीलच्या लोकांनी जिंकणाऱ्याचे नाव दिले आणि ती आपल्या अभ्यासक्रमात घेतली. जिऊ-जित्सूचा हा गुण मला सर्वात मोलाचा वाटतो. सगळी पकड-विद्या ते आपल्यात सामावून घेतात. म्हणून साकुराबा ‘कॅच’ (पकडींनी शरण आणणारी पाश्चात्त्य कुस्ती) परंपरेचे असले तरी ते जिऊ-जित्सूच्या विरुद्ध नव्हते. सबमिशन म्हणजे शरण आणणाऱ्या पकडी त्यांना उत्तम येत होत्या, म्हणूनच ते जिंकले. खबीब यांच्या शेवटच्या लढतीचेही तसेच. ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांनी जस्टिन गेथजी यांना पायांच्या त्रिकोणाने, म्हणजे पाठीवरून लावायच्या डावाने हरवले.

आता आपल्याकडच्या एका लढतीविषयी, आणि हे मी संबंधित खेळाडूबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. यूएफसीत उतरणारे पहिले भारतीय भरत खंदारे हे आपल्या मुंबईचे. नोव्हेंबर 2017 मध्ये शांघाय येथे त्यांची पहिली लढत सोंग यादोंग यांच्याशी झाली आणि पहिल्याच फेरीत गिलोटिनमध्ये संपली. गिलोटिन म्हणजे समोरून मान काखेत घेऊन मनगटाने गळा वर उचलणे. तेथवर पोहोचण्याला किती कष्ट लागले असतील ते आपण जाणतो. माझा मुद्दा एवढाच की कुस्तीत गळा आवळणे नियमबाह्य आहे, म्हणून पट काढताना डोके कुठे ठेवायचे, हनुवटी कुठे वळवायची, याची काळजी गळ्याच्या अंगाने कोणी शिकवत नाही. डोके समोरच्याच्या बरगडीबाहेर लोंबकळत राहिले तरी कुस्तीत फार तर डाव फसतो. एमएमएमध्ये तेवढ्यावर लढत जाते.

गादी_विभाग

डोक्याच्या जागेचा मुद्दा मान्य. आम्ही डोके छातीला टेकवून वर पाहायला शिकवतो, पण दमलेला मुलगा मान खाली घालतो हे खरे आहे, आणि घातली तरी आम्ही फारसे टोकत नाही. हे मी उद्यापासून पाहीन. पण माझा मूळ प्रश्न राहतोच. पाठीवरून जिंकणे आज अवघड असेल, तर तो सराव कशासाठी?

अस्थिसंधी

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि कुस्ती व जिऊ-जित्सू अशा दोन्हीकडचे खेळाडू माझ्याकडे येतात. मूळ प्रश्नावर जाणकार लिहितीलच. सरावाला निघालेल्या मुलांसाठी दोन गोष्टी मात्र लिहिणे आवश्यक वाटते.

पहिली गळ्याविषयी. नीट लावलेल्या चोकमध्ये (गळा आवळण्याच्या डावात) श्वासनलिका दाबली जात नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्या दाबल्या जातात आणि मेंदूकडे जाणारे रक्त कमी होते. साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते. दुखत नाही, आणि धोका तेथेच असतो, कारण पैलवानाला दुखणे सहन करण्याची सवय असते आणि येथे सहन करण्यासारखे काही जाणवतच नाही. तालमीतून आलेल्या मुलाला टॅप करणे, म्हणजे हात आपटून थांबायला सांगणे, हे हार मानणे वाटते. सरावातला टॅप हा फक्त ‘पुन्हा सुरू करू’ असा संकेत आहे, हे त्याला पहिल्या दिवशी सांगायला हवे.

दुसरी गुडघ्याविषयी. टाच पिरगळण्याच्या डावाला ‘हील हूक’ म्हणतात. टाच धरली तरी पीळ बसतो तो गुडघ्याला, आणि वेदना जाणवण्याच्या आधीच अस्थिबंध तुटलेला असू शकतो. माझ्याकडे आलेल्या एका बावीस वर्षांच्या मुलाला सराव सुरू करून पाच आठवडे झाले होते. त्याच्या सराव-केंद्रात सगळ्या नवशिक्यांना एकत्र बसवून हा डाव दाखवला आणि लगेच पूर्ण जोराने लढायला लावले. केंद्राचे नाव लिहीत नाही. पाय अडकल्यावर तो नेमका चुकीच्या दिशेने वळला. गुडघ्यातून आवाज आला तेव्हा समोरच्याला कळले सुद्धा नाही. शस्त्रक्रिया झाली, नऊ महिने गेले. आंतरराष्ट्रीय जिऊ-जित्सू महासंघ 2021 पासून हा डाव लावू देतो तोही बिनगीच्या स्पर्धेत, प्रौढ गटातल्या तपकिरी व काळ्या पट्ट्याला. ही मर्यादा कशासाठी आहे याचा विचार शिकवणाऱ्यांनी करावा, असे मला अतिशय कळकळीने वाटते.

न्यूजर्सीकर

अस्थिसंधी यांनी लिहिले ते प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावावे. एक भर घालतो. एमएमए करणाऱ्याने पायांच्या पकडी टाळूनही चालत नाही, कारण समोरचा त्या लावणारच. डिसेंबर 2018 मध्ये रायन हॉल यांनी बी. जे. पेन यांच्यासारख्या नामवंत काळ्या पट्ट्याला पहिल्याच फेरीत हील हूकवर शरण आणले. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवसापासून पाय सोडवायला शिकवतात, आणि पिरगळायला फार नंतर. पाय कोणत्या दिशेने वळवला की सुटतो आणि कोणत्या दिशेने वळवला की तुटतो, एवढेच काही महिने.

स्वाती_ठाणे

मी तीन वर्षे गीमध्ये सराव करते, वजन 52 किलो. आमच्या केंद्रात एमएमएची तयारी करणाऱ्या मुली गीला हात लावत नाहीत, कारण पिंजऱ्यात कॉलर नसते. मला वाटते त्या काही गमावत आहेत. गीमध्ये समोरच्याने बाही घट्ट धरली की ताकदीने सुटता येत नाही. थांबावे लागते, कंबर कुठे आहे आणि वजन कुठे आहे हे शोधावे लागते. बिनगीत घामामुळे निसटून जाता येते आणि चूक झाकली जाते. माझ्यापेक्षा वीस-पंचवीस किलोंनी जड माणसाखाली अडकून श्वास कसा घ्यायचा हे मी गीमध्येच शिकले. जाणकारांना काय वाटते?

न्यूजर्सीकर

शिकण्याच्या दृष्टीने आपले म्हणणे बरोबर आहे. एमएमएमध्ये उतरणाऱ्याजवळ वेळ मात्र मोजका असतो. ज्याला सहा महिन्यांत लढायचे आहे त्याने बिनगीच करावे आणि हातात छोटे एमएमएचे ग्लोव्हज घालून करावे. ग्लोव्हज घातले की हनुवटीखाली हात सरकवणे किती कठीण होते हे प्रत्यक्ष अनुभवल्याशिवाय कळत नाही. ज्याला चार-पाच वर्षे द्यायची आहेत त्याने दोन्ही करावे.

लाल_माती

गादी_विभाग सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला दोन दिवस घेतले, कारण ते नीट देणे मला महत्त्वाचे वाटते.

पाठीवरचा सराव पाठीवरून जिंकण्यासाठी करावा, असे मी म्हणत नाही. तो दोन कारणांसाठी करावा. पहिले कारण, तो येत असेल तर उभ्याने लढण्याचे धैर्य येते. चार्ल्स ऑलिव्हेरा यांच्याकडे पाहा. यूएफसीत सर्वाधिक सबमिशन विजय त्यांच्या नावावर आहेत, पण विजेतेपद त्यांनी 2021 मध्ये मायकेल चँडलर यांना ठोशांनी हरवून मिळवले. मे 2022 मध्ये गेथजी यांनी त्यांना ठोसे मारून खाली पाडले, आणि मग जमिनीवर त्यांच्यामागे न जाता गेथजी उभेच राहिले. दुसरा कोणी खाली पडला असता तर धावून जाऊन संपवला असता. ऑलिव्हेरांना उठायला, भानावर यायला तेवढा अवधी मिळाला आणि त्याच फेरीत त्यांनी मागून गळा घेऊन लढत जिंकली. त्यांच्या गार्डचा कोणताही डाव त्या क्षणी लागलेला नव्हता. तो लागेल या धास्तीने गेथजी थांबले. जिऊ-जित्सूचे आजचे स्थान विचाराल तर मी ही वीस-तीस सेकंदे दाखवीन.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि ते खास आपल्या मुलांचे आहे. तुमचा मुलगा कितीही चांगला असला तरी कधीतरी पडणारच. त्या क्षणी तो काय करेल? तुम्ही, माझ्या वस्तादांनी, आपण सगळ्यांनी त्याला वर्षानुवर्षे एकच शिकवले आहे, की पाठ लावू नको, पालथा हो. मातीत ते शंभर टक्के बरोबर आहे. पिंजऱ्यात पालथा झाला की समोरचा पाठीवर बसतो, टाचा आत घालतो, आणि मग कानशिलावर ठोसे आणि हनुवटीखाली हात. जिऊ-जित्सूच्या स्पर्धेत पट काढून पाडण्याचे दोन गुण असतात, समोरच्याची पाठ मिळवून टाचा आत घालण्याचे चार, आणि छातीवर बसण्याचेही चार. यातून त्या विद्येने कशाला किती धोकादायक मानले आहे ते कळते. आपला पैलवान दोन गुणांसाठी जन्मभर झटतो आणि घाबरला की चार गुणांची जागा स्वतः देऊन टाकतो. ती सवय सांगून जात नाही. मला माहीत आहे, कारण माझी जायला चौदा महिने लागले. दमलो की शरीर आपोआप वळायचे.

त्या जागी दुसरी सवय घालावी लागते. खाली पडल्यावर पहिल्यांदा एक गुडघा समोरच्याच्या आणि आपल्या मध्ये आणायचा. मग एका कुशीवर यायचे, सपाट पाठीवर राहायचे नाही. खालच्या बाजूचा हात समोरच्याच्या काखेतून आत घालायचा. तो हात आत गेला की समोरच्याचे वजन छातीवर बसत नाही. मग कोपरावर, कोपरावरून तळव्यावर, कंबर उचलून पाय मागे, आणि उभे. जवळ कुंपण असेल तर पाठ कुंपणाला लावून त्याचा आधार घेत वर सरकायचे. यात डोळ्यांत भरेल असा एकही डाव नाही. पण खालचा माणूस उठू शकतो हे कळले की वरच्याला प्रत्येक क्षणी धरून ठेवायची मेहनत करावी लागते, त्याचे ठोसे कमी होतात आणि दम जातो. आणि सर, खबीब यांच्यासारखे कुस्तीगीर जे करतात ते याच्याच उलट अंगाचे आहे. समोरच्याचा नेमका कोणता हात, कोणता पाय त्याला उठवणार आहे हे ओळखून तेवढाच बांधून ठेवायचा. आपल्याकडे याला ‘कब्जा’ हा शब्द आधीपासून आहे. म्हणून मला वाटते की आपला मुलगा जिऊ-जित्सूतली वरची बाजू फार लवकर शिकेल. त्याला वेळ द्यावा लागेल तो खालच्या बाजूला.

खाशाबांचा_तालुका

मी एकोणीस वर्षांचा आहे, कराड तालुक्यातला, मातीवर 70 किलोत खेळतो आणि मला एमएमए करायचे आहे. आमच्या गावाजवळ जिऊ-जित्सूचे केंद्र नाही. पुण्याला महिन्यातून दोनदा जाता येईल. वस्तादांना विचारायला संकोच वाटतो, कारण त्यांना वाटेल मी माती सोडतो आहे. मी काय करावे?

लाल_माती

माती अजिबात सोडू नका. तुमच्याकडे जे आहे ते पुण्यातल्या मुलांना कितीही पैसे भरून मिळत नाही. महिन्यातून दोनदा या, पण नवे डाव गोळा करायला येऊ नका. दर खेपेला एकच गोष्ट न्या आणि पुढचे दोन आठवडे तिचाच सराव करा. पहिल्या खेपेला वर लिहिलेले उठणे. दुसऱ्या खेपेला पट काढताना गळा कसा वाचवायचा ते. तिसऱ्या खेपेला मागून गळा धरला गेल्यावर दोन्ही हातांनी समोरच्याचा एकच हात कसा धरायचा आणि खांदे गादीला कसे लावायचे ते. हो, खांदे जमिनीला लावणे हाच त्या पकडीतून सुटण्याचा मार्ग आहे, आणि तुमचे शरीर त्याला सर्वात जास्त विरोध करील. वस्तादांना मात्र स्वतः जाऊन सांगा. दुसऱ्या कोणाकडून कळले तर त्यांना वाईट वाटेल.

अस्थिसंधी

आणि सराव-केंद्रातून आल्यावर लगेच अंघोळ, गी रोज धुणे, गजकर्णाचा एक डाग दिसला तरी घरी थांबणे. गादीवर तो एकाकडून सगळ्यांकडे जातो.

गादी_विभाग

खाशाबांचा_तालुका, तुमच्या वस्तादांचे नाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा. ओळखीचे निघाले तर मी बोलतो.

लाल_माती, तुमचे लिहिणे काल रात्री दोनदा वाचले. आज सकाळी माझ्या दोन मुलांना, एक 65 किलो आणि एक 74 किलो, गादीवर घेतले आणि सांगितले की पाच मिनिटे लढायचे, पाठ लागली तरी मी शिट्टी वाजवणार नाही. 74 किलोच्या मुलाने सात वेळा पाडले. 65 किलोचा सातही वेळा पालथा झाला. आठव्या वेळी मी ओरडलो, “गुडघा आत घे, कुशीवर हो.” तो एका क्षणासाठी थांबला, माझ्याकडे पाहिले, आणि वळला नाही. उठता त्याला आले नाही, पण वरच्यालाही काही करता आले नाही. दोघेही घामाने निथळत होते. रविवारी सकाळी सात वाजता तुम्ही तालमीत येऊ शकाल का? काखेतला हात नेमका कधी आत घालायचा ते मला स्वतःला करून पाहायचे आहे.

लाल_माती

येतो, सर. पावणेसातला पोहोचतो. गी आणत नाही, लांग कसूनच येतो.